ग्राफिक्स कार्डसाठी वेगळा वॉटर कूलिंग लूप: ठाकुरवाडीच्या घाटातलं रेल्वे इंजिन जे करतं, ते तुमच्या पीसीला जमेल का?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असा एखादा व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. काचेचं कॅबिनेट, आत निळं-जांभळं पाणी वाहणाऱ्या नळ्या आणि खाली हमखास एक कमेंट, "भावा, लीक झालं तर?"

प्रश्न रास्त आहे. महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून मुद्दाम पाणी कोण कशाला फिरवेल? आणि फिरवलंच, तर कर्जत-खालापूरसारख्या भागात, जिथे एप्रिल-मे महिन्यात पंख्याची हवाही गरम लागते, तिथे त्याचा खरंच उपयोग होतो का?

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका साध्या गोष्टीत दडलेली आहेत. पाणी कार्डाची उष्णता नाहीशी करत नाही. ते ती फक्त एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेतं. हे एकदा लक्षात आलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप कळतं. सोप्या भाषेत समजून घेऊ.

ठाकुरवाडीच्या घाटात काय चालतं?

कर्जत ते लोणावळा हे रेल्वेचं अंतर जेमतेम २८ किलोमीटर. पण मध्ये भोर घाट आहे. पळसदरी, जांब्रुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी ठिकाणं घेत गाडी वर चढते. घाटातला चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र आहे. रेल्वेच्या दृष्टीने हा फारच कडक चढ. म्हणूनच वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा 'बँकर' इंजिनं जोडण्याची पद्धत आहे. उतरणाऱ्या गाड्या ठाकुरवाडीसारख्या तांत्रिक थांब्यांवर थांबतात, त्या ब्रेकची खात्री करून घेण्यासाठी.

एवढा भार ओढताना इंजिनाच्या पोटातली विजेची यंत्रणा प्रचंड तापते. डब्ल्यूएपी-७ किंवा डब्ल्यूएजी-९ यांसारख्या थ्री-फेज इंजिनांत ट्रान्सफॉर्मर असतो आणि मोटरला हवी तशी वीज बनवून देणारा कन्व्हर्टर असतो. या कन्व्हर्टरमध्येही सिलिकॉनचेच सेमीकंडक्टर असतात, म्हणजे तुमच्या ग्राफिक्स चिपचे दूरचे भाऊबंद. ते थंड ठेवण्यासाठी इंजिनात तेल फिरवलं जातं. ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळा तेलपंप आणि कन्व्हर्टरसाठी वेगळा. तापलेलं तेल रेडिएटरमध्ये जातं, तिथे मोठा ब्लोअर त्यावर हवा मारतो आणि तेल पुन्हा कामाला लागतं. काही नव्या कन्व्हर्टरमध्ये तेलाऐवजी पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण वापरतात.

पंप, रेडिएटर, हवा आणि तापणाऱ्या भागासाठी स्वतंत्र व्यवस्था. पीसीमधला लूप म्हणजे याचंच टेबलावर मावेल असं रूप.

कार्ड एवढं तापतं कशाने?

ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज खातं, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता बनते. आरटीएक्स ४०७० कार्डाची मर्यादा २०० वॉटची आहे, आरटीएक्स ३०८० ची ३२० वॉटची, तर आरटीएक्स ४०९० ची ४५० वॉटची. एवढी सगळी उष्णता एका लहानशा चिपमधून आणि तिच्या आजूबाजूच्या मेमरीमधून बाहेर पडते.

तापमान ठरलेल्या मर्यादेपाशी पोहोचलं, की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. गेम अडखळतो, थ्रीडी रेंडरला वेळ लागतो, एआय मॉडेल रेंगाळतं. शिवाय पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि खोलीत मिक्सर चालू असल्यासारखा आवाज येतो.

इथे पाणी का उपयोगी पडतं? एकाच आकारमानाचं पाणी आणि हवा घेतली, तर तेवढंच तापमान वाढताना पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट जास्त उष्णता सामावून घेतं. बारीक नळीतून वाहणारं थोडं पाणी जे काम करतं, त्यासाठी हवेचा मोठा झोत लागतो.

लूपमध्ये काय काय असतं?

*वॉटर ब्लॉक:* कार्डाचा मूळ पंखा आणि हीटसिंक काढून त्या जागी बसणारी तांब्याची पाटी. तिच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात. पाणी त्यातून जाताना उष्णता उचलतं.

*पंप:* पाणी फिरतं ठेवतो. पाण्याच्या वाटेतला सतत हलणारा हा एकमेव भाग, त्यामुळे इथे काटकसर नको.

*टाकी:* हिला रिझर्व्हॉयर म्हणतात. पाणी भरायला आणि नळ्यांमधली हवा बाहेर काढायला. ती पंपाच्या वरच्या बाजूला असावी लागते, म्हणजे पंपाला कायम पाणी मिळतं. पंप कोरडा चालला तर खराब होतो.

*रेडिएटर आणि पंखे:* उष्णता शेवटी इथूनच खोलीच्या हवेत जाते. साधारण हिशोब असा, की दर १०० ते १५० वॉटमागे १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर. म्हणजे २०० वॉटच्या कार्डाला २४० चा, तर ३५०-४५० वॉटच्या कार्डाला निदान ३६० चा.

*नळ्या आणि फिटिंग्ज:* पहिल्यांदा करत असाल तर मऊ नळ्या घ्या. व्हिडिओत दिसणाऱ्या काटकोनी कडक नळ्या गरम करून वाकवाव्या लागतात, त्यात चुका जास्त होतात.

मग 'वेगळा' लूप कशासाठी?

इथे सोशल मीडियावर सगळ्यात मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटतं, की प्रोसेसर आणि कार्ड एकाच लूपवर असले तर आधीच्या भागात तापलेलं पाणी पुढच्या भागाला भाजून काढतं.

गणित करून बघू. कार्ड ३५० वॉट उष्णता देतंय आणि पाणी मिनिटाला २ लिटर वेगाने फिरतंय. कार्डातून बाहेर पडताना पाणी किती तापलेलं असेल? फक्त अडीच अंशांनी. पाणी गोल-गोल फिरत राहतं, त्यामुळे संपूर्ण लूपमध्ये त्याचं तापमान जवळपास सारखंच असतं. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो एकूण रेडिएटर किती मोठा आहे याने.

उलट गेम खेळताना प्रोसेसर बऱ्याचदा निवांत असतो. दोघांचा लूप एकच असेल, तर प्रोसेसरच्या वाट्याचा रेडिएटरही कार्डाच्या कामी येतो. म्हणजे केवळ तापमान कमी करण्यासाठी दोन वेगळे लूप बांधण्यात अर्थ नाही.

वेगळ्या लूपचे खरे फायदे दुसरे आहेत. कार्डाच्या लूपमध्ये बिघाड झाला, तरी प्रोसेसरवर परिणाम होत नाही. प्रोसेसरच्या चिपमध्येच ग्राफिक्सची सोय असेल, तर कार्ड दुरुस्तीला जाऊनही कॉम्प्युटर चालू राहतो. कार्ड बदलायचं असेल तर अर्धंच पाणी उपसावं लागतं. आणि प्रोसेसरला हवेवरचा साधा कूलर ठेवून फक्त कार्डाला लूप दिला, तर दुसऱ्या पंपाचा आणि रेडिएटरचा खर्च वाचतो. घरगुती पीसीसाठी ही रचना सगळ्यात व्यवहार्य म्हणता येईल.

कर्जतच्या उन्हाळ्यात आकडे काय सांगतात?

रायगड म्हटलं की अनेकांना समुद्राची झुळूक आठवते. पण कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, समुद्रापासून आत असलेला भाग आहे. उन्हाळ्यात इथे दुपारी हवा कोंडते. याच जिल्ह्यातल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाल्याची बातमी देशभर गाजली होती.

लूप कितीही महाग असला, तरी त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. व्यवस्थित आकाराच्या रेडिएटरमध्येही भरपूर लोड असताना पाणी खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंश गरम राहतं आणि चिप पाण्यापेक्षा आणखी १० ते १५ अंश.

समजा डिसेंबरच्या रात्री खोलीत २४ अंश आहेत. पाणी ३६ च्या आसपास आणि चिप ४८ च्या आसपास राहील. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत ३८ अंश असतील, तर पाणी ५० आणि चिप ६२ च्या आसपास जाईल. हे अंदाजे आकडे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. चिपसाठी ६२ अंश म्हणजे मजाच. प्रश्न पाण्याचा आहे. लूपसाठी वापरले जाणारे अनेक पंप आणि नळ्या साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात. थंड देशातल्या यूट्यूबरने २४० च्या रेडिएटरवर जे भागवलं, ते इथे मे महिन्यात काठावर येतं. म्हणून या भागात नेहमीच्या हिशोबापेक्षा एक माप मोठा रेडिएटर घेणं शहाणपणाचं.

आणि उष्णता गेली कुठे? तुमच्याच खोलीत. कार्ड ४५० वॉट खात असेल, तर पाणी असो वा पंखा, खोलीत ४५० वॉटच सोडले जाणार. एक टनाच्या एसीची क्षमता सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढण्याची असते. म्हणजे असं एक कार्ड एकटंच त्या एसीचा आठवा हिस्सा खाऊन टाकतं. खिडकी बंद आणि दार लावलेल्या खोलीत लूप लावून खोली गारेगार होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. खिडकीतला एक साधा एक्झॉस्ट पंखा कधी कधी महागड्या रेडिएटरपेक्षा जास्त कामाचा ठरतो.

पावसाळ्यात लूपवर दव धरतं का?

माथेरानच्या पायथ्याच्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मग पाण्याच्या नळ्यांवर बाहेरून दव धरणार नाही का?

साध्या लूपमध्ये नाही. दव धरतं ते हवेपेक्षा थंड असलेल्या वस्तूवर. लूपमधलं पाणी कायम खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे ही भीती निराधार आहे.

पण टाकीत बर्फ टाकण्याची किंवा फ्रिजच्या पाण्यातून नळी फिरवण्याची 'जुगाड' रील पाहून तसं करायला जाल, तर घोटाळा होईल. खोलीत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर २५ अंशांपेक्षा थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमू लागतं. थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो तसंच. फरक इतकाच, की इथे तो घाम थेट कार्डाच्या सर्किटवर फुटेल. म्हणजे लीक न होताही कार्ड जाऊ शकतं.

टाकीत कोणतं पाणी भरायचं?

विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी अजिबात नाही. त्यात क्षार असतात. हंड्याच्या तळाला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो. घरच्या फिल्टरचं आरओ पाणीही चालत नाही, कारण त्यातही थोडे क्षार उरतातच.

डिस्टिल्ड वॉटर किंवा कंपनीचं तयार कूलंट हाच योग्य पर्याय. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरलं, तर त्यात शेवाळ रोखणारं आणि गंज रोखणारं द्रव्य ठरलेल्या प्रमाणात मिसळावं लागतं. इन्व्हर्टरच्या दुकानात 'बॅटरी वॉटर' म्हणून मिळणाऱ्या पाण्याचा दर्जा सारखा नसतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. बॅटरीचं ॲसिड त्याच दुकानात, तशाच कॅनमध्ये मिळतं, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा नियम धातूंचा. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा हवा. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, की ॲल्युमिनियम हळूहळू झिजतं. स्वस्त रेडिएटर अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात, म्हणून खरेदीआधी धातू विचारा.

जोडणी करताना कुठे चुकतं?

१. ब्लॉक कार्डाच्या नावावरून नाही, तर नेमक्या मॉडेलवरून घ्यावा लागतो. एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या सर्किट बोर्डांवर बनवतात. एक स्क्रू इकडचा तिकडे असेल तरी ब्लॉक बसत नाही.

२. कार्ड उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. काही कंपन्या स्क्रूवर स्टिकर लावतात. तो फाटला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

३. नवं कार्ड आधी काही दिवस मूळ पंख्यावर चालवून पाहा. त्यात आधीपासून दोष असेल, तर तो उघडण्यापूर्वीच कळलेला बरा.

४. मेमरी आणि व्होल्टेजच्या भागांवर बसणाऱ्या थर्मल पॅडची जाडी ब्लॉकच्या माहितीपत्रकात दिलेली असते. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तरी चिप थंड आणि मेमरी तापलेली असा प्रकार होतो.

५. पाणी भरल्यावर लगेच पीसी सुरू करू नका. मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढून ठेवा आणि फक्त पंप चालवा. त्यासाठी पॉवर सप्लायचा २४ पिनचा तयार जंपर प्लग मिळतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. निदान १२ तास, जमल्यास २४ तास पंप चालू द्या. टिश्यू कोरडा राहिला तरच पुढे जा.

लीक होण्याचं कारण बहुतेकदा नळी फुटणं हे नसतं. नळी तिरकी कापलेली असते, फिटिंगमधली रबरी रिंग दुमडलेली असते किंवा जोड अर्धवट आवळलेला असतो. म्हणजे घाई.

लाइट गेली तर काय?

पावसाळ्यात या भागात वीज जाणं नवीन नाही. पण लाइट गेल्यावर पंपासोबत कार्डही बंद पडतं, उष्णता तयार होणंच थांबतं, त्यामुळे धोका नाही. धोका उलट परिस्थितीत आहे. कार्ड चालू आणि पंप बंद. म्हणून पंपाची वेग सांगणारी तार मदरबोर्डच्या योग्य पिनवर लावून, वेग शून्यावर आल्यास पीसी इशारा देईल किंवा बंद होईल, अशी सेटिंग आधीच करून ठेवा.

एवढं पाणी वाया जात नाही का?

एआय आणि डेटा सेंटर किती पाणी पितात, याच्या पोस्ट तुम्ही वाचल्या असतील. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

घरचा लूप बंदिस्त असतो. त्यात साधारण अर्धा ते एक लिटर पाणी मावतं आणि ते वर्षातून एकदा बदललं तरी पुरतं. उन्हाळ्यात ज्या वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथेही यामुळे कुणाचं पाणी कमी होणार नाही.

मोठ्या केंद्रांत हिशोब बदलतो. पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेलं योट्टाचं एनएम-१ हे डेटा सेंटर ७,२०० रॅकसाठी आखलेलं आहे. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' हा महासंगणक चिपला थेट भिडणाऱ्या द्रवाने थंड ठेवला जातो. तत्त्व घरच्या ब्लॉकसारखंच. अशा ठिकाणी चिपजवळचा लूप बंदिस्तच असतो. पाणी खर्च होतं की नाही, हे उष्णता इमारतीबाहेर कशी टाकली जाते त्यावर ठरतं. कोरड्या रेडिएटरने टाकली तर पाणी जवळपास लागत नाही. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून टाकली, तर एक किलोवॉट उष्णतेमागे दर तासाला सुमारे दीड लिटर पाणी हवेत उडून जातं. त्यामुळे एखादं डेटा सेंटर 'लिक्विड कूलिंग' वापरतं एवढ्यावरून ते पाणी पितं की वाचवतं, हे कळत नाही. विचारायचा प्रश्न हा, की शेवटच्या टप्प्यावर वाफ होते का.

मग करायचं की नाही?

ब्लॉक, पंप, रेडिएटर, फिटिंग्ज आणि कूलंट असा चांगल्या दर्जाच्या सामानाचा खर्च सहज तीस हजारांच्या पुढे जातो. त्याआधी फुकटचा उपाय करून बघा. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. बऱ्याच कार्डांत कामगिरी थोडीशीच घसरते, पण उष्णता मात्र जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होते. आणि ही उष्णता खोलीतही येत नाही. पाण्याला हे कधीच जमत नाही. त्यासोबत कॅबिनेटमधली धूळ काढा आणि हवा आत येण्या-जाण्याची वाट मोकळी करा.

कार्ड २०० वॉटचं असेल आणि दिवसाला दोन तास गेम खेळत असाल, तर लूपची गरज नाही. तेच पैसे पुढच्या कार्डासाठी ठेवा. कार्ड ३५० वॉटच्या वर असेल, रात्रभर रेंडर किंवा एआयचं काम चालत असेल आणि त्याच खोलीत कुणी झोपत असेल, तर आवाज आणि चिपचं तापमान या दोन्हींसाठी वेगळा लूप खरोखर फरक पाडतो. मात्र त्यासाठी मोठा रेडिएटर, हवेशीर खोली, वर्षातून एकदा पाणी बदलण्याची तयारी आणि २४ तास टिश्यू पेपरकडे बघत थांबण्याचा संयम हवा. हे चारही असतील, तरच कार्डाचे स्क्रू उघडा.